काकूंच्या देवांचा डबा

आमच्या शेजारचे अच्युतकाका उभ्या आयुष्यात कुठल्याही देवापुढे वाकलेले नाहीत. आणि हेच अच्युतकाका दर रविवारी दुपारी तीन गोऱ्या माणसांबरोबर पार्कात जाऊन एका झाडाच्या बुंध्याशी दूध ओततात. दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दलची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. आता तुम्हीच सांगा, मला संशय आला तर माझं काय चुकलं?

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मला संशय यायला कारण लागतच नाही. आम्ही सातासमुद्रापार इथं हर्नडनला राहायला आलो तेव्हा पलीकडच्या बाईंनी स्वागताचा म्हणून केक आणून दिला होता. तो मी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून नुसता बघत होते. अहो, ओळख ना पाळख, एवढं लोणी घालून कोण कुणाला फुकट केक देतं? शेवटी मिलिंदनं तो एकट्यानं खाल्ला आणि त्याला काही झालं नाही, हे मी अजून मनात धरून आहे.

तर काका. पूर्ण नाव अच्युत पाटणकर, मूळचे सांगलीचे. वीज मंडळात जन्मभर मीटर तपासले. कुणी मीटरला चुंबक लावलंय, कुणी वायर परस्पर फिरवलीय, हे त्यांना म्हणे उंबऱ्यातच कळायचं. नोकरी संपली, पण तपासणी काही सुटली नाही. कुणी काहीही सांगितलं की काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, “रीडिंग दाखवा.” हळदीच्या दुधानं सर्दी जाते? रीडिंग दाखवा. टेक्सासमध्ये घरं स्वस्त पडतात? रीडिंग दाखवा. माझी मुलगी रिया एकदा उत्साहानं सांगायला गेली की मला मॅथमध्ये ए मिळाला, तर तिलाही तेच. तिनं बिचारीनं फोन काढून खरंच दाखवलं.

देवाच्या बाबतीत तर विचारूच नका. आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी आयसेलिनहून व्हिडिओ कॉलवर होते. काका पहिल्या खुर्चीत, हाताची घडी घालून. गुरुजी म्हणाले, “आता देवाला आवाहन करू या.” लगेच काका लॅपटॉपच्या तोंडाशी वाकले. “आला हे कळणार कशावरून? काही दिवाबिवा लागतो का तुमच्याकडे?” गुरुजी जे म्यूट झाले ते बराच वेळ परत आलेच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रसादाचा शिरा मात्र काकांनी वाटी पुढे करून करून घेतला. वर मलाच म्हणाले, “वर्षा, माझं भांडण देवाशी आहे, शिऱ्याशी नाही.”

आणि अशा माणसाशी शैलाकाकूंनी जन्मभर संसार केला. नातीच्या जन्माच्या वेळी दोघं इथं आले होते तेव्हा मी काकूंना पाहिलं. लहान चणीच्या, हसऱ्या, पहाटे उठून आंघोळ झाल्याशिवाय चहा न घेणाऱ्या. त्यांच्याजवळ स्टीलचा एक गोल डबा असायचा. आत लाल कापडावर दोन पितळी देव. एक अन्नपूर्णा, म्हणजे लग्नात मुलगी माहेरहून पदरात घेऊन येते ती, आणि दुसरा रांगणारा बाळकृष्ण. डब्याच्या झाकणाला बारीक बारीक भोकं होती. भोकं कशाला, तर प्रवासात देवांना गुदमरू नये म्हणून! आणि ती पाडून दिली होती काकांनी, ड्रिल मशीननं. “कटकट नको म्हणून पाडली,” असं ते सांगत. विमानतळावरच्या तपासणीत तिथल्या अधिकाऱ्यानं डबा उघडून विचारलं, हे काय आहे? काकूंना इंग्रजी बेताचंच. त्यांनी छातीला हात लावून सांगितलं, “फॅमिली.” त्यानं मुकाट्यानं झाकण लावून डबा परत दिला. काका ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगायचे, आणि काकू शेजारी बसून तेवढ्याच हसायच्या.

पुढे काकू गेल्या. तिकडे सांगलीत, काही आजार नसताना, अचानक. निखिल, म्हणजे काकांचा मुलगा, जाऊन वडलांना कायमचं इथं घेऊन आला. काकांच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत तो डबाही आला.

आता या डब्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. निखिलची बायको केतकी सरळ, मायाळू मुलगी. तिच्या देव्हाऱ्यात तिच्या माहेरची अन्नपूर्णा होतीच. एका देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा ठेवू नयेत, असं तिच्या आईनं फोनवरून बजावलं. असं कुठं लिहिलंय, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. मग डबा टॉवेलांच्या कपाटात गेला. तिथं तो राहिला तो राहिलाच. पूजा नाही, पाणी नाही. केतकीला टॉवेल काढताना दर वेळी अपराध्यासारखं व्हायचं. काका तर त्या कपाटाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

याच सुमाराला ती मार्गो उगवली.

काका रोज पार्कातल्या ट्रेलवर फिरायला जातात. तिथं त्यांना ही बाई एका जुन्या ओकच्या बुंध्याशी दूध ओतताना दिसली. दुसरा कुणी असता तर ‘हाय’ म्हणून पुढे गेला असता. काका थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांच्या त्या खणखणीत इंग्रजीत त्यांनी बाईला विचारलं, याचा काही उपयोग होतो का, आणि पुरावा काय? बाईला राग यायला हवा होता. ती म्हणाली, रविवारी या, आम्ही तिघं असतो, तिघांनाही विचारा.

तेव्हापासून दर रविवारी एक जुना हिरवा पिकअप ट्रक शेजारी येऊन थांबायला लागला. मार्गो पूर्वी स्कूल बस चालवायची. पांढऱ्या दोन वेण्या, पायात गमबूट. ट्रकच्या मागच्या काचेवर वर्तुळात काढलेली चांदणी. मी दाराच्या कॅमेऱ्यात ती चांदणी मोठी करून पाहिली, मग गूगल केलं, आणि माझ्या हातातला चहा सांडला.

“मिलिंद, बाई चेटकीण आहे!”

“कुठली बाई?” मिलिंद मॅच बघत होता.

रिया म्हणाली, “आई, दे आर पेगन्स. चिल.” म्हणजे काय, तर म्हणे जुन्या काळचे, ख्रिश्चन व्हायच्या आधीचे देव हे लोक पुन्हा पुजतात. झाडं, नद्या, चंद्र, सगळं. मी म्हटलं, अगं, मग आपण काय वेगळं करतो? रिया म्हणाली, “एक्झॅक्टली.” पण माझं समाधान झालं नाही. आपण करतो ते आपण करतो. हे लोक का करतात?

मी काकांनाच धरलं. चहाला बोलावलं, समोर चकली ठेवली आणि विचारलं, “काका, हे लोक नक्की आहेत तरी कोण?”

काकांची कळी खुलली. “वर्षा, तिघांचे तीन मीटर आहेत बघ. ती मार्गो म्हणते, देव खरे आहेत, पुष्कळ आहेत आणि प्रत्येक जण वेगळा. तू वेगळी, मी वेगळा, तसे. तिची एक घोड्यांची देवी आहे, तिला म्हणे सफरचंद लागतं, नाशपाती दिली तर रुसते. दुसरी शेरिल. ती म्हणते, छे, आई एकच, बाकी सगळी तिचीच नावं. आणि तिसरा डेल, केवढी दाढी आहे त्याची! तो म्हणतो, वर कुणी बसलेलं नाही. देव म्हणजे आपल्याच मनातली चित्रं. आता गंमत बघ, सगळ्यात जास्त फुलं तोच आणतो!”

“मग भांडत नाहीत?”

“भांडतात की. कडाकडा भांडतात. मग सूप पितात.”

हे ऐकून तर माझा संशय पक्काच झाला. तीन माणसं, तीन मतं, आणि एकच टेबल? आमच्या मराठी मंडळात गणपतीला कुठली आरती आधी म्हणायची यावरून फूट पडली आणि दोन गणपती बसायला लागले. दोन्हीकडे जेवायला जावं लागतं. जी माणसं देवावरून भांडूनही फुटत नाहीत, त्यांचा काहीतरी दुसराच डाव असणार, हे माझं अजूनही मत आहे.

“आणि त्यांच्यात तुम्ही कोण?” मी विचारलं.

“मी इन्स्पेक्टर,” काका म्हणाले आणि उरलेल्या चकल्या खिशात घालून गेले. डेलला तिखट आवडतं म्हणे.

डाव काय असेल, याचा मी खूप विचार केला. आधी वाटलं, काकांना बाटवणार. पण ज्याचा स्वतःच्याच देवावर विश्वास नाही, त्याला बाटवणार कशातून? मग वाटलं, मार्गोला लग्न करायचंय. बाई एकटी, काकाही एकटे, वर काकांचे सगळे दात शाबूत. मिलिंदला हे सांगितलं तर तो म्हणाला, “करू दे ना यार, लग्नाचं जेवण मिळेल.” या माणसाशी मी बोलणंच सोडलं. मग एका गुरुवारी काका वाटी घेऊन दारात आले.

“वर्षा, थोडी चिंच आहे का गं?”

“चिंच? कशाला?”

“आमटी करायचीय.”

आमटी! ज्या माणसाला गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही, तो आमटी करणार? मी चिंच दिली, पण काका जाताना माझी नजर चुकवून गेले. अच्युतकाका कुणाची नजर चुकवत नाहीत. समोरचाच त्यांची चुकवतो.

त्या आधीच्याच आठवड्यात डब्याचा निकाल लागला होता. मी भांडं परत करायला शेजारी गेले होते, सगळे जेवत होते. केतकीनं भीतभीत विषय काढला. “बाबा, आईंचे देव किती दिवस टॉवेलांच्या मागे ठेवायचे? मला बरं वाटत नाही हो. देवळात फोन केला होता. ते म्हणाले, रविवारी आणून द्या, आमच्या देवांबरोबर रोज पूजा होईल. देऊ या का?”

निखिल हसला. “बाबांना काय विचारतेस? लहानपणी मी देवाला हात जोडले की हे ऑफिसचा टॉर्च आणून देव्हाऱ्यात मारायचे आणि विचारायचे, दिसला का रे कुणी?”

काकांनी ताटातून मान वर केली नाही. “पितळ आहे. द्या कुणालाही.” एवढं म्हणाले आणि उठले. ताटात कोशिंबीर तशीच होती. कोशिंबीर टाकणारा हा माणूस नव्हे. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण माझ्या डोक्यात मार्गो होती.

आणि तो रविवार उजाडला. निखिल ऑफिसच्या कामासाठी अर्विंगला गेला होता. दुपारी केतकीचा फोन आला, रडतच. “वर्षाताई, आईंचे देव गेले हो! डबाच नाहीये कपाटात. चारला देवळात पोचायचंय. मी सगळं घर पालथं घातलं. बाबा पण घरात नाहीत.”

“थांब,” मी म्हटलं आणि दाराच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात काका दिसले. दाराबाहेर आले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हातातली कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. हिरव्या ट्रकचं दार आतून उघडलं गेलं आणि काका आत चढले. मागच्या काचेवर ती मेली चांदणी.

मी म्हटलं होतं! मी सगळ्यांना म्हटलं होतं! काकूंच्या माहेरची अन्नपूर्णा, जन्मभर ज्यांना काकूंनी आधी भरवलं आणि मग स्वतः खाल्लं ते देव, एका चेटकिणीच्या टेबलावर मांडायला नेले! केतकी लेकीला झोपवून बसली होती, तिला निघता येईना. मी तिला सांगितलं, “तू देवळात फोन करून सांग उशीर होईल म्हणून. देव मी घेऊन येते.” आणि पायात मिळेल ते अडकवून पार्ककडे ड्राइव्ह केलं. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं, इंग्रजीतसुद्धा.

ओढ्याच्या काठाला जेवणाची लाकडी टेबलं आहेत, त्यातल्या एकाभोवती ते चौघं बसले होते. मी एकदम पुढे गेले नाही. पुरावा हातात असावा म्हणून कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागे उभी राहिले. पानगळ सुरू झाली होती, पायाखाली पानं वाजत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

टेबलावर ज्याचा त्याचा देव होता. मार्गोपुढे लाकडी घोडी आणि सफरचंद. शेरिलपुढे मातीची एक पोटुशी बाई. डेलपुढे नुसता ओढ्यातला गोटा, पण त्याच्याभोवती शेवंतीची रास. आणि काकांपुढे उघडा डबा.

काका बाह्या वर करून बसले होते. डाव्या हातात बाळकृष्ण, उजव्या हातात माझी चिंच. ते घासत होते. मीटरची चाकं साफ करावीत तसं, जीभ दातांत धरून, कानामागे, रांगत्या गुडघ्याच्या खोबणीत, लोण्याच्या गोळ्याखाली. मग बाटलीतलं पाणी घातलं, मग थोडं दूध, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी स्वतःच्या खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून त्याला पुसून कोरडं केलं. अन्नपूर्णा आधीच न्हाऊन, चकचकीत होऊन बसली होती. मी जुळवलेलं इंग्रजी सगळं विसरले.

“मॅडम,” काका मार्गोला विचारत होते, “तुम्ही म्हणता, देव खरे असतात, तुमच्या-आमच्यासारखे. मग मला सांगा, त्यांना रोज खायला घालणारं माणूस गेलं तर ते वाट बघतात का?”

“बघतात,” मार्गो म्हणाली. “बघणारच. कुत्रीसुद्धा बघतात.”

शेरिल म्हणाली, “पण ती गेलीय कुठे? ज्या आईची ही मूर्ती आहे, तिच्याकडेच गेलीय. वाट कुणी कुणाची बघायची?”

डेलनं दाढी खाजवली. “वाट तू बघतोयस, अच्युत. मूर्ती नाही.”

“तिघांची तीन रीडिंग!” काका वैतागले. “यातलं मी धरू कुठलं?”

“सूप घ्या,” मार्गो म्हणाली.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. केतकी. चौघांनी वळून पेटीकडे पाहिलं. मला बाहेर यावंच लागलं. काकांनी बाळकृष्णावर पटकन रुमाल टाकला. चोरून बिडी ओढताना सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“काका, काय करून राहिले तुम्ही हे?” माझ्या तोंडून थेट माहेरचं नागपूरच बाहेर पडलं. “ती पोरगी तिकडे रडून राहिली!”

“रडतेय?” काकांना हे लक्षातच आलं नव्हतं. “अगं, मी आणून देणार होतो. चारच्या आत. म्हटलं, देऊन टाकायच्या आधी एकदा धुवून तरी द्यावेत. किती काळे पडले होते. ती असती तर...”

“मग घरी का नाही धुतले? केतकी नको म्हणाली असती का?”

“घरी? निखिलसमोर? त्याला टॉर्च मारून वाढवलाय मी. आता त्याच्यासमोर बाळकृष्णाला आंघोळ घालू? आणि देवळात गेलो तर चार लोक म्हणणार, काय पाटणकर, आलात ना शेवटी लायनीवर?” त्यांनी डेलकडे बोट दाखवलं. “इथं कुणी काही विचारत नाही. तो मानत नाही आणि फुलं वाहतो. कुणी त्याला कधी पकडलं नाही.”

“म्हणजे तुम्ही आता मानायला लागलात?”

“मुळीच नाही.” हे मात्र तडक आलं. “रीडिंग काही आलेलं नाही. पण वर्षा, या देशात शैलाला रोज बघितलेलं आहे तरी कोण? निखिल शिकायला म्हणून घराबाहेर पडला तो पडलाच. केतकीनं ती फोनवरच जास्त पाहिली. सकाळी उठल्यावर रोज तिचं तोंड बघितलेले म्हणजे मी आणि हे दोघं. यांनाही देऊन टाकलं की मी एकटाच राहिलो.”

मला राग आला, काकांचाच. एवढं साधं बोलायला या माणसाला ओढ्याकाठी गोऱ्या लोकांत यावं लागलं? फोन पुन्हा वाजला. मी घेतला.

“मिळाले का, वर्षाताई?”

“मिळाले. आणि हे बघ केतकी, देवळातलं कॅन्सल कर. तुझ्या आईंना सांग, दोन अन्नपूर्णा एका देव्हाऱ्यात नको तर नको. एक बाबांच्या खोलीत राहील. काका देव देणार नाहीयेत. का ते तुला तेच सांगतील, आणि नाही सांगितलं तर मी सांगेन.”

काका बाकावर थोडे सरकले आणि मला जागा करून दिली. मार्गोनं माझ्यापुढे सूपचा कप ठेवला. मी वास घेऊन पाहिला. मसुराचं होतं, जिरं कमी पडलेलं. तरी मी आधी तिला पिऊ दिलं आणि मगच प्यायले.

मग काकांनी, माझ्याकडे न बघता, अन्नपूर्णा कापडावर सरळ बसवत विचारलं, “केतकी बाळंतीण होती तेव्हा तू सकाळची यायचीस ना बाळाला घ्यायला? शैला पूजेला बसलेली असायची. तू शेजारी असायचीस.”

“हो, असायचे की.”

“ती काय म्हणायची गं यांना? काहीतरी पुटपुटायची. मी तेव्हा पेपर वाचत असायचो. कधी लक्षच दिलं नाही. मंत्र असतील तर मला शोधून काढता येतील.”

मंत्र नव्हते. मला चांगलं आठवत होतं, आणि सांगावं की नाही ते कळेना. काकूंचे मंत्र पटकन उरकायचे. पुटपुटायच्या ते सगळं झाल्यावर, डब्यात देव परत ठेवताना. आतल्या खोलीतून काकांचा आवाज येत असायचा. टीव्हीवरच्या कुठल्या बुवाला झोडपत असायचे, नाहीतर देवालाच. काकू बाळकृष्णाच्या डोक्यावरून बोट फिरवायच्या.

“सांग ना,” काका म्हणाले.

“त्या म्हणायच्या, ‘यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस रे बाळा. जीभ तेवढी तिखट आहे. माणूस तसा नाही.’ आणि मग अन्नपूर्णेला म्हणायच्या, ‘बाई, यांना काही कमी पडू देऊ नकोस.’”

“रोज?”

“मी होते तेव्हा तरी रोज.”

काकांनी सूपचा कप बाजूला सरकवला. शेरिलनं मला हळूच विचारलं, काय झालं? मी मान हलवली. बोलणं मराठीत झालं होतं, पण त्या तिघांनाही समजायचं ते समजलं असावं, कारण सूपचे चमचे थांबले होते. मार्गोनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग काकांनी रुमाल उचलला. बाळकृष्णाला अन्नपूर्णेशेजारी बसवलं, दोघांचीही तोंडं आपल्याकडे केली, आणि चष्मा कपाळावर न सरकवता, नीट डोळ्यांवर ठेवून, पुढे वाकले. हात जोडले नाहीत. घसा खाकरला. अनोळखी घरात पहिल्यांदा बोलावं तशा आवाजात म्हणाले,

“शैला गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.”